मूळचे मासे आणि डोंगरापलीकडचा हालग्रीम

हालग्रीम रोस्ते आमच्या गावात आला तेव्हा मी पंचविशीची होते आणि तोंडातले सगळे दात माझे स्वतःचे होते. आता माझ्या दातांचा विषय न काढलेला बरा. पण एवढी वर्षं होऊनही हालग्रीम गावात नवाच होता.

तो ओसदालचा. ओसदाल म्हणजे आमच्या क्वितलेच्या डोंगरापलीकडचं खोरं. पूर्वी डोंगर चढून जायला अख्खा दिवस लागायचा. आता बोगदा झाला, गाडीने पाऊण तास. डोंगरातून बोगदा गेला, आमच्या डोक्यातून जायचा राहिला. लग्नात, मयतात, दुकानाच्या दारात, कुठेही हालग्रीम भेटला की एखादी म्हातारी विचारणारच, "तू मूळचा कुठला रे?" तो सांगायचा. मग म्हातारी "हं" म्हणायची, जणू त्याने पोटातला आजार सांगितला.

शाळेची देखभाल करायला त्याला नेमलं होतं. बॉयलर, छप्पर, अंगणातला बर्फ, पोरांनी संडासात कोंबलेले हातमोजे, सगळं त्याच्याकडे. काम चोख करायचा, आणि आपण ते चोख करतो हे दिवसातून चार जणांना सांगायचा. लग्न केलं नाही. इथल्या मुलीशी केलं असतं तर सगळा प्रश्न सुटला असता असं गावातले पुरुष म्हणतात. इथल्या मुलींना विचाराल तर त्या सांगतील की बॉयलरच्या दाबावर एवढा वेळ बोलणारा माणूस जन्मभर कोण ऐकून घेणार? मी हे माहितीवरून सांगते.

सतरा मे हा आमचा राष्ट्रदिन, त्याच्या मिरवणुकीला सगळं गाव गावचा पोशाख घालतं. पहिल्या वर्षी हालग्रीम ओसदालचं लाल जाकीट घालून आला, तर लोकांनी रस्ता सोडून त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी पैसे साठवून क्वितलेचं निळं जाकीट शिवून घेतलं. आमच्या गावचा मानकरी एम्ब्रिक, त्याच्या बायकोने भर मिरवणुकीत त्याची बटणं मोजली आणि म्हणाली, "बटणं आमची आहेत, पण पोट तिकडचं आहे." तेव्हापासून तो करड्या सुटात येतो. झेंड्यांच्या गर्दीत विम्याचा एजंट हरवल्यासारखा दिसतो.

पण त्याचं खरं दुखणं जाकिटाचं नव्हतं, जाळ्याचं होतं.

सप्टेंबरात आमच्या तळ्यात जाळी पडतात. ट्राउट मासा निघतो. तो साफ करून, मीठ लावून बादल्यांत दाबून ठेवायचा आणि नाताळाच्या सुमाराला उघडायचा. त्या मुरलेल्या माशाचा, म्हणजे राकफिस्कचा, वास असा असतो की पाहुणे दारातून परत जातात, आणि म्हणूनच बहुधा आम्हाला तो प्रिय आहे. तर हे जाळं टाकायचा हक्क फक्त तळेकरी मंडळाच्या सभासदांना. सभासद म्हणजे तळ्याकाठच्या जुन्या घरांतली माणसं. माझंही घर त्यातलं, त्यात माझी कर्तबगारी शून्य. बाकीच्यांनी माझ्या दुकानातून कार्ड विकत घ्यायचं आणि काठावर गळ टाकून बसायचं. बाहेरच्या माणसाला सभासद करता येतं, पण त्यासाठी सभेत सगळ्यांचे हात वर जावे लागतात. एक जरी हात खाली राहिला तरी अर्ज बारगळला. असे हात पूर्वी एकदाच वर गेले होते, माझ्या आजोबांच्या काळात, एका पाद्र्यासाठी. त्याने एवढ्या बारीक विणीचं जाळं आणलं की पिल्लंही सुटली नाहीत. तेव्हापासून मंडळाने धडा घेतला आणि देवाच्या माणसालाही दार बंद केलं.

हालग्रीमला जाळं टाकायचं होतं. मासे हवे होते असं नाही, मासे तर मीही त्याला दर वर्षी बादलीभर द्यायचे. त्याला पहाटे इतर होड्यांच्या रांगेत आपली होडी लावायची होती. दर वसंतात तो माझ्या गल्ल्यासमोर उभा राहायचा.

"गुनवोर, एक हंगामी कार्ड दे."

"गेल्या वर्षी म्हणाला होतास, हे शेवटचं."

"यंदा एम्ब्रिकशी बोलणार आहे."

"गेल्या वर्षीही बोलणार होतास."

"बोललो ना! तो म्हणाला, बघू."

"क्वितलेत 'बघू' म्हणजे काय ते तुला अजून कळलं नाही. म्हणून तर तू डोंगरापलीकडचा."

एम्ब्रिक मंडळाचा अध्यक्ष. त्याचा बाप अध्यक्ष होता, आजा अध्यक्ष होता, आणि तिघांचं भाषण एकच: "या तळ्यात दोनच गोष्टी मूळच्या आहेत, एक ट्राउट आणि दुसरे आपण." टाळ्या ठरलेल्या. माणूस वाईट नाही. कुणाची गाडी बर्फात अडकली तर अध्यक्ष पहिला धावेल. फक्त गाडी कुणाची आहे हे विचारून घेईल.

मग तळ्यात बोट्या नावाचा मासा आला. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण आम्ही बोट्याच म्हणतो, कारण तो बोटाएवढाच. ट्राउटच्या गळाला आमिष म्हणून लोक बादलीत जिवंत बोट्ये घेऊन फिरायचे, आणि संध्याकाळी उरलेले तळ्यात ओतून घरी जायचे. जीव वाचवल्याचं पुण्य! बोट्या खातो तेच जे ट्राउटचं पिल्लू खातं, आणि बोट्यांची वीण अशी की आज दहा दिसले तर पुढच्या उन्हाळ्यात पाणी काळं. ट्राउट घटला, जाळी रिकामी निघू लागली. ती पहिली बादली कुणी ओतली? गावाचं एकमत होतं, कुणीतरी ओसदालचा असणार. पुरावा म्हणजे आणखी कोण असणार.

गावाने कंबर कसली. दर जूनमध्ये एका शनिवारी श्रमदान. प्लास्टिकच्या बाटल्यांचे सापळे करायचे, आत पावाचे तुकडे टाकायचे, बाटल्या काठावर बुडवायच्या आणि मग वाफल खात बसायचं. वाफलवर आंबट साय, जॅम, तपकिरी चीज. दुपारपर्यंत बोट्ये दोन-चार बादल्या निघायचे आणि वाफल त्याहून जास्त संपायचे. रविवारी उरलेले बोट्ये पुन्हा अंडी घालायचे. सगळे खूश होते. पोरं पाण्यात, म्हातारे उन्हात, एम्ब्रिकचं भाषण, आणि शत्रू असा की मेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

या श्रमदानात सगळ्यांत जास्त राबायचे दोघे, हालग्रीम आणि डाइवा. डाइवा लिथुआनियाची. आधी किनाऱ्यावर सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करायची, मग इथे येऊन दुधाचा ट्रक चालवू लागली. इथे तिला अकरा वर्षं झाली होती. ती कमी बोलते. पण बर्फात तो ट्रक उलटा घालताना तिला एकदा पाहा, मग बोलणाऱ्यांबद्दलचं तुमचं मत बदलेल. ती मांडीएवढ्या पाण्यात उतरून सापळे लावायची आणि हालग्रीम काठावरून सांगायचा, "जरा डावीकडे. हां, तिथे."

त्याचा उत्साह पाहून एम्ब्रिकने त्याला एक पद दिलं: अध्यक्ष, उपरे मासे निर्मूलन उपसमिती. पदाला मताचा अधिकार नव्हता. पण हालग्रीमने टोपीवर ते सगळं भरतकाम करून घेतलं. अक्षरं एवढी झाली की शेवटचा शब्द मानेवर गेला.

त्या टोपीने तो बदलला. उन्हाळ्यात शहरातून बंगलेवाले यायचे, त्यांच्या ओल्या बुटांतून दुसऱ्या तळ्याचं पाणी नको म्हणून त्याने रस्त्यावर औषधाची बादली ठेवली. "बूट बुडवा. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला कळायचं नाही. आम्हा क्वितलेच्या लोकांना या तळ्याची काळजी असते," असं तो त्यांना सांगायचा आणि मग मागे वळून बघायचा, क्वितलेचं कुणी ऐकत तर नाही ना. मी एकदा ऐकत होते. त्याचे कान लाल झाले. हसू दाबायला मात्र मला कष्ट पडले.

असं बरंच चाललं आणि मग मत्स्य खात्याने रागनफ्रीड नावाची बाई पाठवली. केस बारीक कापलेले, बूट मोठे, आणि वाफलला नाही म्हणाली. तिथेच गावाचं मन तिच्यावरून उतरलं. तिने दोन दिवस तळं पाहिलं आणि म्हणाली, "बाटल्यांनी हे होणार नाही. सगळ्या तळ्यात औषध घालावं लागेल. यातला प्रत्येक मासा मरेल, बोट्याही आणि ट्राउटही. त्याआधी इथले जिवंत ट्राउट, नर आणि माद्या, टाकीत काढून ठेवू. पाणी निवळलं की त्यांची पिल्लं परत सोडू. म्हणजे तुमचं मूळ वाण तुमचंच राहील."

सभा घेतली. समाजघरात सभासद टेबलाभोवती आणि बाकीचे दाराजवळच्या बाकावर. बाकावर डाइवा होती. हालग्रीम कॉफीच्या किटलीपाशी, कारण बाकावरच्यांना मत नसलं तरी कॉफी वाटायची मोकळीक आहे. रागनफ्रीडने ट्राउटच्या परांचे तुकडे तपासायला नेले होते, त्याचा निकाल ती सांगत होती.

"तुमच्या तळ्याखाली धबधबा आहे. त्यावरून कुठलाच मासा चढू शकत नाही," ती म्हणाली. "म्हणजे ट्राउट इथे आपणहून आलेला नाही. हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी माणसाने आणून सोडलाय."

"आमच्याच पूर्वजांनी," एम्ब्रिक म्हणाला.

"असेल. पण आणला कुठून? सगळ्यांत जवळचं नातं ओसदालच्या तळ्याशी लागतं."

कुणाचातरी कप बशीवर आदळला. आमचा ट्राउट डोंगरापलीकडचा! ज्याच्या नावाने तीन पिढ्या भाषणं झाली, जो मंडळाच्या पत्राच्या माथ्यावर छापलाय, तो ओसदालचा! मागे कुणीतरी घाबरून विचारलं, "मग त्यालाही कायमचं मारायचं का?"

"डोकं फिरलंय का?" एम्ब्रिक ओरडला. "ट्राउट इथलाच आहे! एवढी वर्षं राहिला म्हणजे इथलाच!"

"एवढी म्हणजे किती?" मी विचारलं. "एकदा ठरवून टाका, एम्ब्रिक. माझ्या दुकानात दह्याच्या डब्यावरसुद्धा तारीख असते."

तासभर वाद झाला. कुणी तीनशे म्हणे, कुणी पाचशे. पाचशेवर एकजण चपापला, कारण त्याचं स्वतःचं घराणं त्यात बसेना. शेवटी ठराव झाला: जो हजार वर्षं राहिला तो मूळचा. हात वर गेले. तेवढ्यात किटलीपाशी हालग्रीम खाकरला.

"हा नियम माणसांनाही आहे का?"

"तुला मत नाही, हालग्रीम," एम्ब्रिक म्हणाला. "कॉफी आण."

हिशोबाने त्याला अजून साडेनऊशेच्या वर वर्षं थांबायचं होतं. तो कॉफी घेऊन आला. माझ्या कपात त्याने ती ओतली, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी आमच्या सगळ्या मंडळाला त्या धबधब्यावरून खाली ढकलावंसं वाटलं.

औषध सप्टेंबरच्या शेवटी घालायचं ठरलं. तोवर प्रत्येक घराने आपल्या जाळ्यातले दहा जिवंत ट्राउट, निम्म्या माद्या, शाळेमागच्या टाकीत आणून सोडायचे होते. साधी गोष्ट. पण सप्टेंबर म्हणजे राकफिस्कचा महिना, आणि त्यातही पुढची काही वर्षं तळ्यात मासा मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत. आधी पोटोबा, मग विठोबा. प्रत्येक घराने विचार केला, टाकीत बाकीचे टाकतीलच, आपले दहा नसले म्हणून काय बिघडतं? गावात त्या महिन्यात मिठाचा एवढा खप झाला की मला दोनदा जास्तीचं मागवावं लागलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मीही माझी बादली भरत होते.

टाकी हालग्रीमच्या ताब्यात. तो एम्ब्रिककडे गेला. "टाकीत चारच मासे आहेत, आणि ते चारही मीच गळाने पकडलेत."

"येतील रे. लोक शेवटच्या दिवशी आणतात."

"शेवटचा दिवस उद्या आहे."

"मग उद्या आणतील. तू असा घाबरतोस म्हणून लोक तुला नावं ठेवतात."

सकाळी होड्या निघाल्या. रागनफ्रीडने विचारलं, "टाकीतले मासे ठीक आहेत?" एम्ब्रिक म्हणाला, "क्वितलेचा शब्द आहे." खोटं नाही बोलला. त्याला खरंच वाटत होतं की बाकीच्यांनी आणले असतील. त्याचे स्वतःचे बादलीत होते. हालग्रीम तेव्हा लांब, रस्त्यावर लोकांचे बूट बुडवून घेत होता.

औषध पडलं. दुपारपर्यंत तळ्यावर पांढरी पोटं तरंगू लागली, बारक्या बोट्यांची लाखांनी आणि मधूनमधून ट्राउटची. एम्ब्रिकने टोपी काढून हातात धरली. माझ्या नवऱ्याची आई जिथे कपडे धुवायची त्या दगडापाशी एक मोठी मादी लागली होती, पोट अंड्यांनी फुगलेलं. आणि मग रागनफ्रीडने शाळेमागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं.

चार मासे. चारही नर.

तिने झाकण पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं, आत आणखी काही येईल म्हणून असेल. मग ती समाजघरात आली आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बाकीचे कुठे आहेत?" सगळे एकमेकांकडे बघू लागले, मग आपापल्या बुटांकडे. बाईच्या नाकाला उत्तर मिळालंच असेल, कारण निम्म्या लोकांच्या हातांना ताज्या माशाचा वास होता. तेलही गेलं, तूपही गेलं. हाती राहिलं ते राकफिस्क.

"आता एकच उपाय," ती म्हणाली. "याच वंशाचे मासे ओसदालच्या तळ्यात आहेत. परवानगी खातं देईल. मासे तुम्ही मागा."

ओसदालकडे मागायचं! एम्ब्रिक आठवडाभर आजारी पडला. उपाध्यक्षाची पाठ धरली. कुणाला जनावरं होती, कुणाला नातवंडं. मग सगळ्यांना एकदमच आठवलं की हालग्रीम तिकडचाच आहे.

हालग्रीमने फोन लावला. ओसदालच्या मंडळाचा प्रमुख टाराल्ड, त्याचा मावसभाऊ. फोन माझ्या दुकानातूनच झाला, आणि टाराल्डचा आवाज असा की डोंगरातून बोगदा नसता तरी ऐकू आला असता.

"तू त्या मंडळाचा कोण आहेस?" टाराल्डने विचारलं.

"मी उपसमितीचा अध्यक्ष आहे."

"सभासद आहेस का?"

"नाही."

"चाळीस वर्षांत नाही? मग आम्ही काय त्यांच्या गड्याशी बोलायचं? सभासदाला पाठव. नाहीतर तुमच्या एम्ब्रिकलाच पाठव, त्याला मी अंगणात उभं करून कॉफी पाजतो."

हे ऐकून एम्ब्रिकचा आजार तत्काळ बरा झाला. त्याच संध्याकाळी सभा. अजेंड्यावर एकच विषय. ज्या अर्जावर एवढी वर्षं 'बघू' चाललं होतं तो एम्ब्रिकने वाचायला घेतला, आणि वाचून व्हायच्या आत सगळे हात वर. असं झटपट काम आमच्या मंडळाने कधी केलं नव्हतं. गरज सरो वैद्य मरो ऐकलं होतं. इथे गरज पडली आणि वैद्य जन्माला आला. हालग्रीम किटलीपाशी उभा होता. त्याला टेबलाशी खुर्ची दिली, तर तो आधी तिच्या पाठीला हात लावून बघत राहिला. मग बसला आणि रुमालात नाक शिंकरलं. मलाही भरून आलं, कबूल करते. कारण काही का असेना, मिळालं ना त्याला.

मासे आणायला ट्रक डाइवाचा. दुधाची टाकी उतरवून तिने माशांची टाकी चढवली, हवेच्या नळ्या स्वतः जोडल्या. बाजूला हालग्रीम, आणि तमाशा बघायला मी.

ओसदालला टाराल्ड काठावरच उभा होता. "आला का क्वितलेवाला!"

"टाराल्ड, मी तुझा मावसभाऊ आहे."

"होतास. आता बघ कसा चालतोस, क्वितलेवाल्यासारखा, जणू रस्ता तुझ्या बापाचा. जाळं मिळालं म्हणे?"

"मिळालं."

"मग ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? सरळ माग."

"आमच्या गावाला ट्राउट हवेत," हालग्रीम म्हणाला. 'आमच्या' म्हणताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. टाराल्डने ते टिपलं. थोडं लागलंही असावं त्याला, कारण पुढे तो फार टोमणे मारेना. मासे दिले.

ते धरून टाकीत घालायचं काम डाइवाचं. पाणी असं गार की मी नुसती बघून कुडकुडत होते. ती कमरेइतक्या पाण्यात दिवसभर, एकेक मादी ओल्या हातांनी उचलून, तोंडाने काही पुटपुटत, तिच्या भाषेत. हालग्रीम काठावरून सांगत होता, "सांभाळून. हां, तिला आधी." एकही मासा मेला नाही. परत येताना बोगद्यात तिने विचारलं. ट्रक चालवत होती म्हणून समोरच बघत होती.

"हालग्रीम, मी अर्ज केला तर चालेल? जाळ्यासाठी."

"चालेल म्हणजे? तू आज जे केलंस ते कोण विसरेल? पहिला हात माझा वर जाईल!"

ती हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

हिवाळाभर मासे टाकीत राहिले. वसंतात बर्फ फुटला, पाणी तपासून झालं, आणि सगळं गाव झेंडे घेऊन तळ्यावर जमलं. हालग्रीमने पहिली बादली सोडली. संध्याकाळी समाजघरात सभा झाली. पहिला विषय: आजपासून हे ट्राउट मूळचे समजावेत का? कुणीतरी हजार वर्षांच्या ठरावाची आठवण केली. एम्ब्रिक म्हणाला, "तो ठराव झाला तेव्हा परिस्थिती वेगळी होती." टाळ्यांच्या गजरात मासे दुपारपासून मूळचे झाले.

दुसरा विषय डाइवाचा अर्ज.

ती बाकावरून उठून उभी राहिली. इस्त्री केलेला सदरा घातला होता. एम्ब्रिकने इकडेतिकडे पाहिलं. त्या दिवशी तो खुशीत होता, आणि मासे कुणी आणले हे त्यालाही माहीत होतं. "माझी काही हरकत नाही," तो म्हणाला आणि त्याने हात वर केला. माझा तर आधीच वर होता. मग एकेक करून टेबलाभोवतीचे सगळे हात वर गेले. असं होईल हे मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

हालग्रीमचे दोन्ही हात टेबलावर होते.

"हालग्रीम?" एम्ब्रिक म्हणाला.

तो उठला. टोपी सारखी केली, घसा खाकरला. "माझा व्यक्तिशः विरोध नाही," तो म्हणाला. "डाइवा कष्टाळू आहे. पण तळ्याचं प्रकरण आत्ताच मार्गी लागतंय. अशा वेळी घाई नको. आपण क्वितलेच्या लोकांनी माणूस नीट पारखून घ्यायला हवा. अकरा वर्षं म्हणजे काय फार झाली का? पुढच्या वर्षी बघू."

"हालग्रीम," मी म्हणाले, "ती तुझ्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभी होती."

"माझ्यासाठी नव्हे, गुनवोर. तळ्यासाठी. मी तळ्याचंच बोलतोय."

डाइवाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, किटली उचलली आणि टेबलाभोवती कॉफी वाटायला लागली. हालग्रीमचा कप आला तेव्हा त्याने तो पुढे केला. वर हात केलेले लोक हळूहळू हात खाली घेऊ लागले, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं होतं. तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकावरून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलला. शेवटी आपला हालग्रीम."

आपला. एवढ्या वर्षांत हा शब्द त्याच्या नावाआधी कुणी लावला नव्हता. त्याचे कान लालभडक झाले, डोळे भरले, आणि तोंडभर असा आनंद पसरला की ते बघून मला रडू येतंय की शिवी, तेच कळेना. शिवी आली, आणि ती मोठ्याने आली.